त्याच पोरांचे दोन गट

साठच्या दशकात मी अमरावतीत मानसशास्त्राचा प्रबंध लिहीत होतो. अकोल्याच्या एका शाळेत एक गुरुजी 'ढ' म्हणून मागे बसवलेल्या पोरांना रोज गोष्ट सांगत आणि तीच त्यांच्या तोंडून वदवून घेत. त्यानं स्मरण सुधारतं का, हे मी तपासायला घेतलं. आधी एक चाचणी, तीन महिन्यांनी दुसरी. पेपरांवर नाव मात्र लिहू दिलं नाही. पोरं बुजू नयेत, एवढं मानसशास्त्र मला येत होतं!

मग दोन्ही गठ्ठे जणू दोन वेगळ्या वर्गांचे समजून टी-चाचणीत, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक तपासणाऱ्या गणितात, घातले. सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा, फरक निघाला नाही. शाळेला पाठवलेल्या अहवालात मी ऐटीत लिहिलं, 'पद्धत निरुपयोगी.' शाळेनं ते वाचलं आणि गुरुजींचा तास बंद केला.

माझे मार्गदर्शक म्हणाले, "अहो, पोरं तीच ना? मग प्रत्येकाचे आधीचे आणि नंतरचे गुण जोडीनं बघायचे. नाहीतर पोरापोरांतल्या फरकात सुधारणा बुडून जाते. आणि फरक सापडला नाही म्हणजे तो नाहीच, हे कोणी सांगितलं?"

जोड्या लावणार कशा? नावंच नव्हती.

अकोल्याला जाऊन गुरुजींपुढे चूक कबूल केली. ते म्हणाले, "मंग पद्धत चांगली हाये, असं लिहून द्या."

"तेही सांगता येत नाही, गुरुजी."

"काहून? बंद कराले तं बराबर सांगता आलं तुमाले!"

'माझ्या तपासणीतून काहीच ठरत नाही,' असं हेडमास्तरांना लेखी दिलं. त्यांनी कागद वाचून फायलीत लावला. तो तास त्यांनी कधीच कवायतीला देऊन टाकला होता.