चातुर्मासातला कांदा

बारावीला मायटोसिसचं प्रात्यक्षिक नेमकं श्रावणात आलं. एका पेशीच्या दोन होताना आतली गुणसूत्रं काय करतात, हे पाहायला कांद्याची कोवळी मुळं लागतात. आणि आमच्या घरात कांदेनवमीला भजी हाणून झाली की चार महिने कांद्याचं नावही निघत नसे. आई त्या बाबतीत फौजदार होती. इकडे कॉलेजातल्या बाईंनी बजावलं होतं, स्वतःच्या स्लाइडवर विभाजन दाखवलं नाही तर जर्नलवर सही नाही. सही नाही तर बोर्डाच्या परीक्षेला बसणंही नाही.

पहिला कांदा मी कोन गावातल्या मैत्रिणीकडे ठेवला. त्याला झकास मुळं फुटली आणि आता हा खराब होणार म्हणून तिच्या आईने तोच आधी सुकटीत चिरला. मी तोंड पाडलं तर म्हणाली, "कांदा काय निसता बघाला ठेवाचा?"

मग दुसरा थेट घरीच आणला. बूड पाण्याला टेकेल असा पेल्यावर बसवला आणि गॅलरीत रद्दीमागे दडवला. सकाळी पेशी जास्त विभागतात म्हणे, म्हणून सोमवारी आई पूजेला बसल्याबरोबर मुळांची टोकं कापली, बाईंनी दिलेल्या बाटलीतल्या द्रावणात टाकली आणि कॉलेजात पळाले.

टोकं रंगात गरम केली, काचेखाली अंगठ्याने चिरडली. मायक्रोस्कोपात बराच वेळ नुसते लाल ठिपके. मी स्लाइड सरकवत राहिले. मग एका पेशीत गुणसूत्रं दिसली, पंगतीला बसल्यासारखी मधोमध ओळीत. शेजारणीत तर प्रत्येकाची जुळी जोडी सुटून एक या टोकाला, एक त्या टोकाला निघालेलं. दोन्हीकडे सारखाच संच, कुणाला कमी नाही. मी बाईंना हाताला धरून ओढत आणलं. त्यांनी पाहिलं आणि सही केली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई सोवळ्यात, सोमवार सोडायच्या स्वयंपाकात होती. मागे न बघताच म्हणाली, "झालं का कांद्याचं काम? मग टाकून दे तो. रोज पेल्यात पाणी घालायचं आणि परत अंघोळ करायची, मला नाही जमत."

पेल्यातलं पाणी आटतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला हसू फुटलं आणि रडूही आलं. धावत जाऊन तिला मिठी मारणार, तेवढ्यात तिने पळी उगारली.

"शिवू नकोस. आधी अंघोळ कर."