पाताळमास्तर

भूगर्भ-सर्वेक्षणाच्या आमच्या गाडीत धड खुर्ची एकच, आणि ती पाताळमास्तरांची. घरात मिठाचा डबा कुठे असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण पडद्यासमोर बसून जमिनीच्या पोटातले खडक बिनचूक ओळखायचे. बाहेर अवजड ट्रक जमीन थरथरवायचे. ती थरथर खाली खडकांच्या थरांवर आपटून परत यायची, आणि जमिनीत ओळीने रोवलेली यंत्रं ती टिपायची. या यंत्रांचे कान इतके तिखट, की शेजारून कुणी चाललं तरी नोंद बिघडायची. म्हणून मास्तरांनी वायरलेसवर आवाज दिला, की ओळीवरचा प्रत्येक राखणदार जागच्या जागी थिजायचा. बोलायचीही बंदी. "पाय हलवलात तर मला खडक नाही, तुमच्या चपला दिसतील," हा त्यांचा जुना विनोद. आम्ही दर वेळी हसायचो. साहेबांपुढे करणार काय?

आपल्या धाकट्या भावाला मास्तरांनीच कामावर आणलं होतं. त्याचं हृदय अधू. "दादा, ह्यांना राबवू नका हो," भावजय काकुळतीने म्हणाली होती, आणि मास्तरांनी शब्द दिला होता. काम हलकंच होतं, एका जागी बसून यंत्रांची राखण करायची.

त्या दिवशी फार खोलचा, पृथ्वीच्या कवचाच्या तळाजवळचा थर उमटत होता. तिथून परतणारी थरथर म्हणजे नुसती कुजबुज. म्हणून ट्रक पुन्हा पुन्हा जमीन हलवत होते आणि नोंदीवर नोंद चढत होती. एवढ्यात पडद्यावरची एक रेघ वेडीवाकडी नाचू लागली. ती भावाच्या जागेची होती.

"कोण नाचतंय तिथे? हलू नका म्हटलं ना!" मास्तर वायरलेसवर खेकसले.

रेघ थोडी तडफडली, मग सरळ झाली.

"हां, आता कसं!" म्हणत त्यांनी माझ्याकडे टाळी मागितली. मी दिली.

काम संपल्यावर आम्ही खूश होऊन ओळीवर गेलो. भाऊ उताणा पडला होता, अंग गार. टाचांनी माती उकरली गेली होती. थोड्या अंतरावर पुढचा राखणदार अजून तसाच ताठ उभा. मास्तरांनी त्याची गचांडी धरली.

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं. छाती धरून पडले, पाय झाडत होते."

"मग धावला का नाहीस, गाढवा?"

"निघालो होतो, साहेब," तो रडत म्हणाला. "तेवढ्यात तुम्ही ओरडलात."