आबांच्या पायांना चिखल कळायचा

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि औषधनिर्माणशास्त्राच्या अजून दुसऱ्याच वर्षाला आहे. औषधांविषयी लिहावं इतकं मला कळत नाही. तरी लिहितो, कारण ती गोळी चुकवू नका असं वडिलांना रोज सांगणारा मीच होतो.

आम्ही कोळवणकडचे. भातलावणीच्या दिवसांत वाडीत कुणाच्याही खाचरात चिखल करून झाला की तो जमला का ते बघायला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावणं यायचं. चपला बांधावर काढून ते चिखलात उतरत आणि डोळे मिटून उभे राहत. समोरचा डोंगर पाण्यात उलटा पडलेला असे, त्यातले ढग त्यांच्या पोटऱ्यांना लागून हळूहळू पुढे जात. जमीन त्यांच्याशी काहीतरी बोलते आहे, असं मला लहानपणी वाटायचं. मग ते म्हणत, "आजून एक पाळी मारा नांगराची," किंवा नुसतंच, "लावा." त्यानंतरच बायका रोपं घेऊन उतरत.

मागच्या वर्षी तपासणीत आबांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मी हॉस्टेलवरून रोज फोन करायचो, "गोळी घेतली का?"

"घेतली रं, डाक्टर," ते म्हणायचे. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

यंदा शेजारच्या काकांच्या खाचरात आबा नेहमीसारखे उतरले आणि "लावा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. चिखल जमलाच नव्हता.

"आबा, तुमचं पाय रिटायर झालं जणू!" काका म्हणाले. आबाही हसले. पण घरी आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत निसटली, ते त्यांना कळलंच नव्हतं.

मी त्या दिवशी घरीच होतो. "कधीपासून असं होतंय?"

"झालं चार-पाच म्हयनं. आदी मुंग्या यायच्या. आता कापसावर चालल्यागत वाटतंय."

"मग सांगितलं का नाही?"

उत्तर आईनं दिलं. "तू एवढा शिकल्याला, गोळी घ्या म्हणतुयास. तुज्या गोळीला नावं कोण ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. कॉलेजच्या ग्रंथालयात त्या औषधाच्या दुष्परिणामांमध्ये शेवटी एक ओळ सापडली: क्वचित हातापायांच्या नसांवर परिणाम होऊ शकतो. आबांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. साखर तपासली, जीवनसत्त्वं तपासली, त्यात काही निघालं नाही. "गोळीमुळेच असेल असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण काही महिने ती थांबवून पाहू. मी सांगतोय म्हणून थांबवायची, स्वतःच्या मनानं कधीच नाही. आणि पायांची जाणीव सगळी परत येईलच असंही नाही."

त्यानंतर आबा पडवीत बसून बादलीत पाय सोडायचे आणि आईला विचारायचे, "गार हाय का कोमट?" त्यांचे डोळे मिटलेले असायचे, खाचरात असायचे तसेच. आई सांगायची, ते मान हलवायचे. मी हॉस्टेलवर परत आलो तरी ते मिटलेले डोळे वर्गात, बसमध्ये, कुठेही दिसायचे. फोनवर आता काय विचारावं ते मला सुचत नव्हतं.

भात कापून झाल्यावर एका दुपारी प्रयोगशाळेतून बाहेर पडलो, तर आईचा फोन आला.

"आरं, ह्यांच्या डाव्या पायात बोरीचा काटा मोडलाय. बांदावर केवढ्यानं वरडलं!"

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. फोनवर आईच्या मागून आबांचा आवाज येत होता, "लई दुखतंय म्हणावं. सांग त्याला, लई दुखतंय."