जरा मोठा स्वेटर

चीनशी लढाई चालू होती तेव्हा पनवेलला आमच्या शाळेच्या ओसरीवर बायका जवानांसाठी स्वेटर विणत. ते गोळा करून पाठवायचं काम मास्तर म्हणून माझ्याकडे होतं. एक कोळीण मासळी विकून रोज दुपारी यायची. लोकरीला वास लागू नये म्हणून आधी चिंचेने हात धुवायची, मग खांबाला टेकून पेंगत पेंगत विणायची.

"मावशी, बाह्या फारच आखूड केल्यात," एकदा कुणीतरी हसलं.

"माजा पोर तवराच हाय," म्हणत तिने मुलाचा जुना सदरा मापाला लावून दाखवला. तो सरहद्दीवर होता. माझा त्याच वयाचा मुलगा घरी होता, आणि तिच्यासमोर मला ते अपराधासारखं वाटे.

स्वेटर पुरा झाला तेव्हा मला सांगावंच लागलं, "मावशी, हे सगळे एकत्र जातात. कुणाचा कुणाला मिळेल, सांगता येत नाही."

"म्हंजे त्याला ह्यो नाय मिलनार?"

"दुसऱ्या कुणाच्या हातचा मिळेल."

तिने स्वेटर मांडीवर पसरला. मग टोक शोधून तिने सगळा स्वेटर उसवायला घेतला.

"जरा मोठाच इनते, गुरुजी. पोर कुनाचा, कवरा आसंल, काय म्हाईत. आखूड झाला त थंडी वाजंल त्याला."