रिकामा डबा परत द्यायचा नसतो

निपाणीच्या स्टँडवर संध्याकाळची बेंगळूरची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात पत्र्याची ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात शैलाचं मनगट. शैला माझी एकुलती एक. नुकतीच सातवी पास झाली होती. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. तंबाखूच्या वखारीत काम, त्यात खोकला धरला, तो सुटलाच नाही. आई सोडायला आली होती. तिनं एक पितळी डबा माझ्या हातात दिला, धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरीचं शिकणं अर्ध्यात तोडू नकोस. तुझं मी तोडलं, तेवढं पुरे."

माझं तिसरीत तोडलं होतं. घरात विड्या वळायला हात कमी पडत होते, म्हणून शाळा बंद. त्याचा मला कधी राग नव्हता, सगळ्याच पोरींचं तसं होतं. पण आईच्या मनात ते एवढी वर्षं होतं हे मला त्या स्टँडवर कळलं. गाडी सुटली आणि मी मनात धरलं, एवढं एक पार पाडायचं. बाकी होईल तसं होईल.

हे मी गावाकडं राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारखी ट्रंक घेऊन निघालेल्यांसाठी पण. मी जे धरलं होतं ते माझ्याच हातानं कसं मोडलं, तेही लिहायला पाहिजे.

बेंगळूरला शिवाजीनगरात मार्केटच्या मागं मावसबहिणीनं खोली बघून ठेवली होती. एक खोली, एक मोरी, आणि खिडकी उघडली की समोर भिंत. निपाणीकडं कानडी कानावर पडायचं म्हणून मला वाटलं होतं, भाषेचं काही अडणार नाही. पण इथलं कानडी वेगळं, त्यात तमिळ, उर्दू, सगळंच. शैला मराठी शाळेतून आलेली. वर्गात वर्षभर मुकी बसली. घरी येऊन मला एक एक शब्द सांगायची आणि मी भाकरी थापत थापत तो म्हणायची. आम्ही दोघी एकाच वर्गात होतो म्हणा ना.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या कानडी बाईनं वाटीभर चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, आणून दिलं. आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही. माझ्याकडं साखरच होती, तीच घालून दिली. बाई हसली. तिच्याकडं पण तीच रीत होती. तेव्हा मला जरा बरं वाटलं, की गाव अगदीच परकं नाही.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईचा पितळी डबा मैसूरपाकानं भरून नेला. तिनं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. "मी काय शेजारीण आहे होय तुझी?" म्हणाली. मैसूरपाक काढून घेतला आणि डबा माझ्याच पिशवीत परत घातला. मला तेव्हा कळलं नाही ती का रागावली. लक्षात मात्र राहिलं.

पोटासाठी मी डबे करायला लागले. पहाटे उठून भाकऱ्या, चपात्या, दोन भाज्या. गिऱ्हाईक हळूहळू जमत गेलं. शैला तोवर कॉलेजात गेली, बी.कॉमला. आमच्याच गल्लीत पुण्याच्या चार मुली भाड्यानं राहायला आल्या, सगळ्या कॉम्प्युटरवाल्या. कंपनीची बस त्यांना महादेवपुऱ्याच्या बाजूला घेऊन जायची. त्यातली मृणाल रोज माझ्याकडं येऊन उभ्या उभ्या जेवायची आणि बोलायची. "मावशी, तुम्ही ना, टोटली वेगळ्या आहात," असं काहीतरी. मी विचारायची, दिवसभर त्या पेटीसमोर बसून तू नेमकं करतेस काय? ती समजावून सांगायची. मला समजायचं नाही, पण मी परत विचारायची. मला आधीपासून ती खोड आहे. माणूस दिवसभर काय करतो, त्याच्या घरात चूल कुठल्या तोंडाला आहे, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

मग मृणालला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. महिन्याभरानं शैला म्हणाली, "आई, मृणालताईचा ईमेल आलाय. तिची भाकरी तुटते म्हणतेय."

ईमेल म्हणजे काय ते बघायला मी शैलाबरोबर गेले. कमर्शियल स्ट्रीटच्या वळणावर मंजण्णाचं सायबर कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, एक पंखा. लाइन लागताना फोनमधून कर्र कर्र आवाज यायचा आणि मंजण्णा म्हणायचा, "स्वल्प थांबा अक्का, अमेरिका झोपेतून उठतेय." शैला दर शनिवारी दुपारी तिथं एक तास बसायची. कॉलेजचं अकाउंटचं पॅकेज तिथं शिकायला मिळायचं, तो तिचा तास होता. त्यातली दहा मिनिटं मी घेतली.

मी सांगत गेले, शैला इंग्रजी अक्षरात मराठी टाइप करत गेली. पीठ कधी दळलंय ते आधी सांग. जुनं असेल तर पाणी उकळून घाल, थोडं झाकून ठेव, मग मळ. हे सांगून झालं आणि मी म्हणलं, आणखी एक लिही. तुझ्या खिडकीतून काय दिसतं?

पुढच्या शनिवारी उत्तर आलं. भाकरी जमली होती. खिडकीतून गाड्या लावायचं मोठं आवार दिसतं आणि त्यात एकच झाड, ते लाल झालंय. आणि मृणालनं माझं पत्र तिच्या ओळखीच्या आठ-दहा मराठी लोकांना पाठवून दिलं होतं. त्यांचीही पत्रं आली. भाकरीचं कमीच होतं त्यात. सगळ्यांनी आपली आपली खिडकी लिहिली होती. एकाला बर्फ दिसायचा. दुबईतल्या एका बाईला भिंत दिसायची, माझ्यासारखीच. तिनं लिहिलं होतं, अक्का, भिंतीवर सकाळी दहा मिनिटं ऊन येतं तेव्हा मी चहा घेऊन बसते. मी घरी येऊन आमच्या भिंतीवर ऊन कधी येतं ते बघितलं. इतकी वर्षं राहत होते, बघितलं नव्हतं.

तसं ते वाढत गेलं. दर शनिवारी मी एक गोष्ट सांगायची, कधी खाण्याची, कधी विड्या वळण्याची, कधी शिवाजीनगरच्या मार्केटातली, आणि शेवटी एक प्रश्न विचारायची. तुमच्या गल्लीत कुत्री आहेत का? तिकडं पाऊस पडला की लोक काय खातात? लोक आपल्या ओळखीच्यांना पाठवायचे, ते मला लिहायचे. शैला म्हणायची, आई तुझी ऑडियन्स वाढली. मला तो शब्द आवडला होता. तिसरी शिकलेल्या बाईला सातासमुद्रापलीकडची माणसं उत्तर देतात. मी रस्त्यानं चालताना जरा ताठ चालायला लागले होते, खोटं कशाला बोलू.

मग तिकडच्या एका मराठी वेबसाइटवाल्यानं लिहिलं, आमच्यासाठी आठवड्याला तीन लेख द्या, मानधन देऊ. मी शैलाला म्हणलं, हो लिही. ती म्हणाली, "आई, तीन?" मी म्हणलं, सांगायचं तर मलाच आहे, तुला काय नुसतं बोटं हलवायची. हे मी तिला बोललेय. आज लिहिताना पण नको वाटतं.

आणि माझी चूक इथंच. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे असं मी धरलं. माणसानं आपल्याला काही पाठवलं आणि आपण तसंच ठेवलं, हे मला जमेना. शेजारणीची वाटीच ती. चिमूटभर का होईना, साखर घालून परत गेली पाहिजे. शैला म्हणायची, आई, ईमेलला असं नसतं, लोक वाचतात आणि सोडून देतात. मी म्हणायची, ते सोडतील, आपण नाही सोडायचं. वीस पत्रं असायची, मग चाळीस. शनिवारचा तास गेला, मग बुधवारची दुपार गेली, मग रोजची. शैलाचं अकाउंटचं पॅकेज राहिलं तिथंच.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. शेवटच्या दिवशी ती कॉलेजला निघाली तेव्हा मी म्हणलं, जाता जाता तेवढी उत्तरं घालून जा, दोन दिवस पडून आहेत. ती कॅफेत गेली. लाइन सारखी तुटत होती. एक पत्र जायला पंधरा मिनिटं. ती कॉलेजात पोचली तेव्हा फॉर्म घ्यायची खिडकी बंद झाली होती. आतली बाई अजून बसलेली होती, पण रजिस्टर वर साहेबांकडं गेलं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले, हात जोडले. काही झालं नाही. वर्ष गेलं.

घरी आल्यावर शैलानं चप्पल जागेवर ठेवली, हात-पाय धुतले आणि म्हणाली, "आई, ती माणसं तुझी आहेत. त्यांना तूच लिहीत जा." आवाज चढवला नाही. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मला निपाणीचं स्टँड आठवलं. आईनं माझं तोडलं ते पोटासाठी. मी पोरीचं तोडलं ते कशासाठी? कोणीतरी मला अक्का म्हणतं म्हणून.

दोन आठवडे मी कॅफेकडं फिरकले नाही. मग मंजण्णाकडं गेले आणि विचारलं, एखादा मोडका कीबोर्ड आहे का? त्यानं खालून एक काढून दिला, दोन-तीन बटणं गेलेली. "काय करणार अक्का, तळणार?" म्हणाला. मी तो घरी आणून पोळपाटाशेजारी ठेवला. इंग्रजी अक्षरं मला बसच्या पाटीपुरती येत होती. डबे भरून झाले की मी एक एक बटण दाबत बसायची. ए कुठं, के कुठं. विडी वळणाऱ्या बोटांना जागा लवकर पाठ होते. शैला जाता येता बघायची. महिन्याभरानं तिनं न विचारताच माझं एक बोट उचलून बरोबर बटणावर ठेवलं, आणि पुढं गेली. आमच्यात माफी अशीच असते.

पहिलं पत्र मी एकटीनं लिहिलं ते तीन ओळींचं. सगळा तास गेला. लिहिलं की, मी आता आठवड्याला एकच लिहीन. तुमच्या पत्रांना उत्तर देणं मला होणार नाही, तुम्हीच एकमेकांना द्या. शैलाची परीक्षा आहे. वेबसाइटवाल्याला वेगळं लिहून नको कळवलं. पाठवा म्हणायचं बटण दाबलं. एवढ्या लोकांची भांडी रिकामी परत केली होती मी.

मंजण्णा म्हणाला, "सरी, ठीक आहे अक्का, आता गिऱ्हाईक पळणार." दोन-चार पळाले पण. बाकीच्यांचं उलटंच झालं. दुबईच्या बाईनं बर्फवाल्याला उत्तर दिलं, त्यानं आणखी कोणाला. मी विचारलेल्या एका प्रश्नावर ते आठवडाभर आपसात बोलायचे. मी मधे नसताना जास्त माणसं आली. ते असं का झालं, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. कोणी सांगेल तर ऐकायचंय.

पुढच्या वर्षी शैलानं फॉर्म पहिल्याच दिवशी भरला. शनिवारचा तास परत तिचा झाला. मी शेजारच्या कॉम्प्युटरवर, ती तिच्या. निकाल लागला तेव्हा मी लिहिलं, शैला पास. दोनच शब्द, पण शोधून शोधून लिहिले. इतकी पत्रं आली की मंजण्णानं सगळ्यांना उठून बघायला लावलं. मी एकालाही उत्तर दिलं नाही. कोणीही रागावलं नाही. निपाणीला आईला मात्र पोस्टकार्ड टाकलं, माझ्या हातानं, मराठीत. तिनं कोणाकडून तरी उत्तर लिहून घेतलं. त्यात एवढंच होतं, बरं झालं, आता झोप.

आई गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. निपाणीचं घर भावाच्या नावावर आहे. आम्ही गेलो की चहा होतो, चांगलं बोलतात, जाताना मी काहीतरी घेऊन जाते, त्यांनाही ते बरं वाटतं. शैला बेंगळूरच्या बाहेर आनेकलला एका कारखान्यात अकाउंट बघते, तिकडंच राहते. आईचा पितळी डबा मी तिच्याबरोबर दिला. मी अजून शिवाजीनगरातच. भिंतीवर ऊन सकाळी साडेनऊला येतं.

रविवारी ती बसनं येते, तेव्हा आईचा तो पितळी डबा भरून आणते. पहिल्यांदा आणला तेव्हा मी सवयीनं साखरेच्या बरणीला हात घातला होता. मग आईचं ते "मी काय शेजारीण आहे होय" आठवलं आणि थांबले. आता दर रविवारी तिच्या पिशवीत तो डबा परत घालते. धुऊन, पुसून, रिकामा.