सोबतीची बाई

"सोबतीला आहे ना माझी भाची. बोलत नाही फारशी, पण आहे."

आत्या बाल्कनीत फोन स्पीकरवर ठेवून बोलत होती. आतल्या खोलीत मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये माईक बंद करून बसले होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. पलीकडे तिच्या गावातल्या चार-पाच बायका एकाच फोनभोवती जमल्या होत्या.

"अगो वैनी, मासे मिळतात का तिथं, का इडल्या खाऊन फुगलीस?"

"फुगते कसली! इथल्या माशाला बर्फाची चव. स्वल्प स्वल्प खाते." हा कानडी शब्द तिने आमच्या भाजीवाल्या अक्कांकडून उचलला होता. पलीकडे हसण्याचा नुसता गदारोळ झाला.

"आणि डॉक्टरकडे सोबत कोण गेलेलं?"

"तीच गो. इंग्रजी फाडफाड येतं तिला. सगळं नीट सांगितलंन मला."

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. मी तिला काहीच नीट सांगितलं नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा नोकरीसाठी बंगळुरात आले आणि इथलेच झाले. ती लग्न करून कोकणातल्या एका लहान गावात गेली आणि काका वारल्यावरही तिथेच राहिली. तिला मूलबाळ नाही. गावातलं महिला मंडळ तिनेच उभं केलं. हळदीकुंकू, समुद्रावरची साफसफाई, शाळेतला खाऊ, असं सगळं ते करतं, पण त्याचं खरं काम एकच आहे: सोबत. दवाखाना खाडीपलीकडे. तरीच्या होडीने वीस मिनिटं, रस्त्याने वळसा घालून दोन तास. गावातल्या कुठल्याही बाईने तपासायला किंवा बाळंतपणाला एकटीने जायचं नाही, मंडळातली एक जण बरोबर जाणार. त्यासाठी पाळ्या लावलेल्या. आत्याच्या दारामागे एक कापडी पिशवी टांगलेली असते. तिच्यात जुनं सुती लुगडं, थर्मास, टॉर्च आणि बिस्किटांचा पुडा. जिची पाळी, तिने पिशवी उचलायची. लहानपणी सुट्टीत गेले की मला ती पिशवी दिसायची आणि मी विचारायचे नाही. मी कुठेच काही विचारायचे नाही.

नोव्हेंबरात आत्याचं पोट दुखायला लागलं, जेवण जाईना, म्हणून बाबांनी तिला इकडे आणलं. व्हाइटफील्डमधल्या एका हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. रिपोर्ट डॉक्टरांच्या भेटीच्या आदल्या दिवशीच बाबांच्या ईमेलवर आला होता. दुसऱ्या दिवशी आत्या बाथरूमला गेली तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ते मला म्हणाले, "आत डॉक्टर काहीही बोलू देत, तू तिला सूज आहे म्हणून सांग."

"पण बाबा..."

"हाय खाईल ती. ऐक माझं."

बाबांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी मान हलवली.

डॉक्टर तरुण होत्या, चांगल्या होत्या. आत्याकडे बघत त्या बराच वेळ बोलल्या. आजार कुठून सुरू झाला, कुठे कुठे गेलाय. इंजेक्शनांनी त्रास थोडा कमी होईल, काही महिने वाढतील, पण बरं होणार नाही. मग मला म्हणाल्या, यांना यांच्या भाषेत समजावून सांगा.

"आत्या, पोटात सूज आहे. सहा इंजेक्शनं घ्यायची आहेत."

"ती बाई एवढं बोलली, आणि तुझी दोनच वाक्यं?"

"इंग्रजी लांबलचक असतं."

आत्या खो खो हसली. मला वाटतं, माझ्या बोलण्यावर ती हसल्याची ती पहिलीच वेळ.

घरी आल्यावर तिने चष्मा लावून फाइल उघडली. "यात सूज कुठे लिहिलंय? बोट ठेव." मी एका लांबशा शब्दावर बोट ठेवलं, कुठल्या ते आता आठवत नाही. तिने बॉलपेनने त्याच्याखाली रेघ मारली आणि फाइल उशाशी ठेवली.

पुढचे दिवस मी घरातून काम करत होते. इंजेक्शन घेऊन आली की आत्या दोन दिवस पडून असायची, तिसऱ्या दिवशी उठून काहीतरी मागायची. डिसेंबरात कोपऱ्यावर अवरेकाईचे ढीग लागले. ती म्हणाली, "हे आपले पावटेच की गो," आणि दोन किलो आणायला लावले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. तेव्हा तिने सांगितलं.

"आमच्या आळीत एक होती. नवरा तिला पलीकडे घेऊन गेला. डॉक्टरने त्याला सांगितलं, त्याने आईला, आईने भावकीत. सगळ्या गावाला ठाऊक, तिला सोडून. तिने आपलं त्या उन्हाळ्यात वर्षाचं तिखट कुटून ठेवलं. पावसाळा सरायच्या आत गेली. ते तिखट मग आम्ही बायकांनी वाटून घेतलं. टाकायचं तरी कसं?"

मी शेंग सोलत होते.

"तेव्हापासून मंडळाचा नियम. जी सोबत जाईल, तिने डॉक्टरने सांगितलेलं आधी जिचं तिला सांगायचं. नवऱ्याला मागाहून. परत येताना तरीवर, गाव यायच्या आत. आम्ही मागे इंजिनाशी बसतो. आवाजात पुरुषांना ऐकू जात नाही."

"रडत नाहीत?"

"रडतात की. उतरायच्या आधी तोंड धुतात. खाडीचं पाणी आहे मुबलक."

ती माझ्याकडे बघत नव्हती. किडकी शेंग बाजूला टाकत होती. मी पाणी आणते म्हणून उठले.

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, तिला सांगायला हवं. ते रिपोर्ट वाचत होते. आयुष्यभर मशीनचे आराखडे वाचले तसे ते तो रिपोर्ट वाचायचे, ओळीखाली पट्टी धरून. "सहावं इंजेक्शन होऊ दे," ते म्हणाले, "काही सांगता येत नाही, फरक पडतो कधी कधी." मग तिला कसं सांगायचं, त्याची वाक्यं मी फोनमध्ये लिहून ठेवू लागले. इंग्रजीत सुचायचं, मराठीत आणलं की बातम्यांसारखं वाटायचं. लिहायचे आणि पुसायचे.

गावाकडून रोज फोन यायचा. तरीवाल्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते. तिची आधीची दोन बाळं गेली होती. दोन्ही वेळा आत्या बरोबर होती. "ती म्हणते, वैनी आली तरच जाईन दवाखान्यात," बायका सांगायच्या. आत्या म्हणायची, "सहा होऊ देत गो, येतेच." बाबांनी तिला तसंच सांगितलं होतं. मी आतल्या खोलीत मोजायचे. सहा इंजेक्शनं होईपर्यंत मार्च उजाडणार होता. तोवर ती गावी जाण्यासारखी राहील का, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि ती इथे बाल्कनीत बसून आमच्या पार्किंगकडे बघत होती.

जानेवारीत, तिसऱ्या इंजेक्शनानंतर पुन्हा तपासणी झाली. त्या दिवशी बाबांना ताप होता, म्हणून आम्ही दोघीच गेलो. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पुढे ठेवला. वाढलंय, म्हणाल्या. आता उरलेले दिवस त्यांना कुठे राहायचंय याचा विचार करा. मी आत्याला सांगितलं, "बरं चाललंय."

येताना टॅक्सी हेब्बाळच्या अलीकडे अडकली. एका बाजूला तळं दिसत होतं. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "स्वल्प ट्रॅफिक, अम्मा." आत्या त्याच्याच भाषेत होकार देत म्हणाली, "सरी, अण्णा," आणि मांडीवर फाइल उघडली. जुना रिपोर्ट एका हातात, नवा दुसऱ्या. रेघ मारलेल्या शब्दावर एक बोट ठेवून ती दुसऱ्या कागदावर ओळ न् ओळ शोधत गेली. तिला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. ती चित्र जुळवावं तसा तो शब्द जुळवत होती. पान उलटून मागे पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"आज तो शब्द नाही गो यात."

मी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं.

"म्हणजे सूज गेली. मग आता बाकीची इंजेक्शनं कशाला? तिकीट काढ माझं. त्या पोरीचे दिवस भरलेत, आणि पिशवी माझ्याच दारामागे आहे."

तिचा फोन वाजला. गावाचा होता. तिने तो उचलला नाही, तसाच फाइलीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. फोन वाजून वाजून थांबला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. लिहून पुसलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

"काय गो बाय?"

"सूज नाहीये, आत्या. पहिल्यापासून नव्हती. कॅन्सर आहे, आणि तो पसरलाय."