एकशे बावीसला

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या केमिकल कंपनीत मला पहिली नोकरी लागली. उल्हासनगरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि बेलवलीच्या आमच्या घरात स्वतःला शास्त्रज्ञ समजत होते. लॅबमध्ये आम्ही दोघीच. दुसऱ्या म्हणजे माझ्या वरिष्ठ. सगळे त्यांना बाईच म्हणत.

तिथे येणारी बहुतेक पूड पांढरीच. कोणती काय आहे आणि तिच्यात भेसळ किती, हे कळायचं ती वितळताना. शुद्ध पदार्थ आपल्या ठरलेल्या अंशावर झटकन वितळतो. भेसळीचा मात्र आधीच घाम फुटल्यासारखा ओला होतो आणि मग रेंगाळत राहतो. चिमूटभर पूड केसासारख्या बारीक काचेच्या नळीत भरायची, नळी दोऱ्याने थर्मामीटरला बांधायची आणि तेलात सोडून खालून बर्नर लावायचा. "शेवटचे अंश भातासारखे, मंद आचेवर," बाई म्हणायच्या. मला कुठला धीर! मी आच वाढवायला हात पुढे केला की त्या चापटी मारायच्या.

काम आम्ही वाटून घेतलं होतं. बाई नळीकडे बघत आणि पूड वितळली की "आलं" म्हणत. मी पारा वाचायची. मधला वेळ मोठा गोड असायचा. तापलेल्या तेलात काचेमागचं सगळं हलायला लागे, खिडकीतला मलंगगडसुद्धा. बाहेर कुठल्या तरी कंपनीचा आंबूस वास, आत बर्नरची बारीक सुरसुर, आणि बाईंचं ते हळू आवाजातलं "आलं". अजूनही कधी दुपारी डोळा लागला की मी त्याच स्टुलावर बसलेली असते.

दर सोमवारी बेंझॉइक ॲसिड लावून थर्मामीटर तपासायची बाईंची रीत होती. ते वितळतं एकशे बावीसला. पण त्या वर्षी आकडा चढायला लागला. एकशे तेवीस, मग चोवीस. बाईंनी थर्मामीटर बदलला, मग पुन्हा बदलला, स्टोअरवाल्याला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, मैं क्या घर पे बनाता हूँ?"

मी एकदा पाऱ्यावरची नजर काढून नळीकडे बघितलं. आतलं केव्हाच पाण्यासारखं झालं होतं. बाई तिकडे टक लावून बसल्या होत्या, गप्प. मी मुकाट पुन्हा पाऱ्याकडे वळले. बाईंच्या यजमानांची कंपनी बंद पडली होती, मुलगी कॉलेजात होती, घर एकट्या बाईंवर चालत होतं. लॅबमध्ये ज्याला दिसत नाही, त्याला कोण ठेवणार?

बोलू की नको, या विचारात माझे दिवस गेले आणि एक पिंप परत आलं. माल शुद्ध नाही, असा गिऱ्हाईकाचा निरोप. त्या पिंपातली पूड आधीच ओलावली असणार. बाईंना ते दिसलंच नव्हतं. मॅनेजरसाहेब खाली आले. "बाई, माझ्यासमोर बेंझॉइक लावा."

लावलं. साहेब मागे उभे. पारा एकशे बावीसवर आला, नळीतलं वितळलं, आणि बाई गप्पच. मी मनात ओरडत होते, म्हणा ना, आलं म्हणा! पारा चढत राहिला. "आलं," बाई म्हणाल्या. एकशे पंचवीस. तोंडातून 'बावीस' निघणारच होतं.

"असेल तो आकडा सांग गं," बाई म्हणाल्या.

मी सांगितला. साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "थर्मामीटर फॉल्टी दिसतोय."

"नाही साहेब. दोनदा बदलला. आता डोळाच बदलायला हवा."

साहेबांनी वाकून बाईंच्या डोळ्यांतला पांढुरका पडदा बघितला. मग म्हणाले, "मोतीबिंदू काढून या. परत आल्यावर हीच टेस्ट. नाही जमली तर मात्र माझा नाइलाज आहे."

ते दिवस मी एकटीने काढले. नळीकडेही मीच बघायचं आणि पाराही मीच वाचायचा. कुणी "आलं" म्हणत नव्हतं. मला त्या लॅबचा अक्षरशः राग यायचा.

बाई परतल्या त्या जाड भिंगांचा चष्मा लावून. साहेबांना बोलावलं, नळी बांधली. मी सवयीने आच वाढवायला गेले तर चापटी बसली. पारा चढू लागला. मी पाऱ्यावरची नजर हलवली नाही.

"आलं."

"एकशे बावीस," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. साहेब खाकरले, "ठीक आहे, कामाला लागा," म्हणून निघून गेले.

मी ओढणीने नाक पुसत होते. बाई चष्मा सावरून अगदी जवळ आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"अगं, तू चमकी घालतेस?" त्या म्हणाल्या. "कधी टोचलंस नाक?"

"पहिल्या दिवसापासून आहे, बाई."